उभी बाटली दरवेळी जिंकते कशी?

वॉर्डातलं दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं, यावर मतदान होतं: मतपत्रिकेवर आडवी बाटली म्हणजे बंद, उभी म्हणजे चालू. मतदानाला आलेल्या शंभरातल्या नव्वदजणी आडव्या बाटलीवर शिक्का मारतात आणि दारूचं दुकान तरी जागचं हलत नाही! कारण मोजणी पडलेल्या मतांवर नाही, मतदार यादीवर होते. वॉर्डात 4,000 महिला मतदार असतील तर आडव्या बाटलीला निदान 2,001 मतं हवीत. 1,900 बायका आल्या, एकजात सगळ्यांनी आडवीला मत दिलं, तरी दुकान चालू. घरी राहिलेली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली, अगदी वारलेली बाईसुद्धा दुकानदाराच्या खात्यात जमा. हाच नियम नगरसेवकांना लावून बघा ना! किती जण सभागृहाची पायरी चढतील?

त्याआधी, मतदान घ्या या मागणीच्या अर्जावर सह्या जमवायचा छळ वेगळाच. महिला मतदारांपैकी 25 टक्के म्हणजे याच वॉर्डात 1,000. मोजून 1,000 जमवल्या की मेलात. पडताळणीत यादीत माहेरचं नाव, अर्जावर सासरचं, सही बाद. राहते इथे पण नाव शेजारच्या वॉर्डात, बाद. पडताळणीच्या दिवशी कामावर गेली, तीही बाद. म्हणून 1,400 तरी घ्यायच्या, आणि प्रत्येक सहीपुढे यादीचा भाग क्रमांक व अनुक्रमांक लिहायचाच. मतदान फक्त महिलांचं हवं की सगळ्यांचं, हेही अर्जात स्पष्ट लिहा. मोघम अर्ज दिलात तर कागद फिरवायला अधिकाऱ्यांना निमित्तच मिळतं.

बरं, पालिकेच्या निवडणुकीला केंद्रं असतात, कर्मचारी असतात, बंदोबस्त असतो, लोक घराबाहेर पडलेले असतात. त्याच दिवशी बाटलीची एक मतपत्रिका हातात द्यायला काय जड जातं? पण नाही. वेगळी तारीख, वेगळी यंत्रणा, त्यात प्रचाराला खर्च करायची ऐपत फक्त दुकानदाराची. वर पुन्हा "महिलांचा प्रतिसाद कमी पडला" हे ऐकून घ्यायचं!

सह्या गोळा करण्याआधी यादी साफ करून घ्या. मृत आणि कायमच्या स्थलांतरितांसाठी यादीतून नाव वगळायचा फॉर्म 7 भरा, मृतांच्या अर्जाला मृत्यूचा दाखला जोडा. 300 नावं उडाली तर 2,001 ऐवजी 1,851 मतं पुरतात. खरं तर यादी नीट ठेवायचा पगार दुसरंच कुणी घेतं, आणि दाखले गोळा करत दारोदार फिरायचं या बायकांनी!