गोळीची वेळ सांभाळणारं माणूस हवं
ब्रिटनमधल्या पार्किन्सन्स नर्सविषयीचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांसाठी खास असलेल्या नर्सविषयीचा लेख वाचून हेवा वाटला. आमच्या सावंतवाडीकडून न्यूरॉलॉजिस्टसाठी गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर गाठायचं, आणि तिथे बोलायला वेळ मिळणार जेमतेम. लेव्होडोपा ही पार्किन्सन्सवरची गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी घ्यावी, माशांच्या जेवणाबरोबर घेतली तर प्रथिनांमुळे नीट लागू पडत नाही, हे सांगणार कोण? पार्किन्सन्स असलेले आमचे बाबा माजघराच्या उंबरठ्याशी आले की पाय खिळल्यासारखे थांबतात. ओळखीतल्या एका सिस्टरांनी तिथे जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारायला सांगितलं. आता रेघ बघून पाऊल उचलतात. मळमळीवरचं मेटोक्लोप्रामाइड हे औषध पार्किन्सन्समध्ये चालत नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. गावोगावच्या आरोग्यसेविका आशाताईंना एवढं शिकवलं तरी पुष्कळ होईल. (मानधन मात्र आधी वाढवा!)