‘कुड’ जमलं की बातमी जमली

इंग्रजी बातम्या लिहायच्या आहेत? मग शब्दसंग्रह वाढवत बसू नका. ‘कुड’ हे एकच सहायक क्रियापद घोटून घ्या. ‘मे’ आणि ‘माइट’ ही भावंडं मदतीला आहेतच, पण एकट्या ‘कुड’वर आख्खी कारकीर्द निघते.

‘कुड’ म्हणजे ‘कॅन’चा भूतकाळ, असं शाळेत शिकला असाल. विसरा. बातमीतलं ‘कुड’ नेहमी भविष्याकडे बघतं. जे घडलेलं नाही, बहुधा घडणारही नाही, पण घडलं तर ‘आम्ही आधीच सांगितलं होतं’ म्हणता येईल, ते सगळं याच्या पोटात मावतं.

सुरुवात कोर्टापासून करा, सोपं पडेल. अमेरिकेतल्या फेडरल खटल्यात प्रत्येक आरोपाची कायद्यातली कमाल शिक्षा घ्यायची, बेरीज मारायची आणि मागे ‘कुड फेस अप टू’ लावायचं. आरोपी शंभरी ओलांडून तुरुंगातच राहणार, असं चित्र तयार. प्रत्यक्षात न्यायाधीश मार्गदर्शक निकष बघून शिक्षा ठरवतात, अनेक शिक्षा एकदमच भोगायच्या असतात, आणि निकाल येतो तो त्या बेरजेच्या कुठल्या कुठे खाली. त्याची चिंता तुम्ही करू नका. निकालाची बातमी आतल्या पानावर जाते.

पण खरी कमाई आरोग्याच्या पानावर. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेम या कृत्रिम गोडीच्या पदार्थाला ‘२ ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा याच गटात आहे. त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली: वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. म्हणजे सत्तर किलोच्या माणसाने दिवसाला डाएट सोड्याचे ९ ते १४ कॅन रिचवले तरच ती ओलांडली जाणार, तेही दुसरीकडून कुठून अ‍ॅस्पार्टेम पोटात जात नसेल तर. तुम्ही हेडिंगमध्ये कॅन मोजायचे नाहीत. ‘कुड कॉज कॅन्सर’ एवढं पुरे. ‘किती प्यायल्यावर?’ असं विचारणारा वाचक तसाही क्लिक करत नाही.

कॉफीचं तर विचारूच नका. १९९१ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या संशयावरून ती याच गटात गेली, २०१६ मध्ये बाहेर आली. जाताना ‘कुड’, येताना ‘कुड’. वाचक मात्र या सगळ्या काळात कॉफी पीतच होता.

शेअर बाजारात ‘कुड’ दोन्ही बाजूंनी चालतं, भाव चढू शकतो आणि पडूही शकतो. आपल्याकडे ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणायला धर्मराजाला मोठं धर्मसंकट लागलं होतं. बाजाराच्या विश्लेषकाला ते रोज सकाळी जमतं.

अगदीच हाताशी काही नसेल तर ‘कुड’ वाक्याच्या आरंभी आणा आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवा. अशा हेडिंगचं उत्तर ‘नाही’ असंच असतं, हे इयन बेटरिज या ब्रिटिश पत्रकाराने २००९ मध्येच लिहून ठेवलंय. त्याने कुणाचं काही अडलं नाही.

मोठ्या मुक्कामासाठी आकाशाकडे बघा. २०२४ वायआर४ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली. लगेच ‘सिटी किलर’, लगेच ‘कुड हिट अर्थ’. पुढच्या काही दिवसांत नवी निरीक्षणं आली आणि आकडा जवळजवळ शून्यावर आला. नवखा पत्रकार इथे हिरमुसतो. तुम्ही धीर धरा. तोच लघुग्रह चंद्रावर आदळण्याची शक्यता त्या जूनमध्ये चार टक्क्यांच्या वर गेली. हेडिंग तयारच होतं, फक्त ‘अर्थ’च्या जागी ‘मून’ टाकायचं होतं.