शुगर माझ्या आईची, मालकी ॲपची?

ग्लुकोमीटर आम्ही विकत घेतला. पट्ट्या दर महिन्याला आम्हीच घेतो, आणि त्या काही स्वस्त येत नाहीत. बोटाला सुई आई टोचून घेते, रक्त तिचं. पण त्यातून जो आकडा निघतो तो तिच्याच फोनमधून बाहेर काढायचा म्हटलं की कंपनीची मर्जी सांभाळायची. डोकं फिरलंय माझं, म्हणून हे सगळं एकदाचं लिहून टाकतोय.

आई कऱ्हाडला, मी पुण्यात. तिला इन्सुलिन चालू आहे. मीटर ब्लूटूथने फोनला जोडलेला, मोजलं की आकडा आपोआप ॲपमध्ये जातो. मला एवढंच हवं होतं की ते आकडे ॲपमधून वाचून एका तक्त्यात यावेत. उपाशीपोटीचे एका रकान्यात, जेवणानंतर दोन तासांचे दुसऱ्या, शेजारी इन्सुलिनचे युनिट. असा तक्ता समोर ठेवला की डॉक्टर दोन मिनिटांत डोस ठरवतात. ॲपमधले रंगीत आलेख ते बघत नाहीत. बाहेर पेशंटची रांग असते, त्यांना आकडा लागतो आणि वेळ लागते, बस्स. आणि एका ॲपमधला डेटा एपीआयने (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून डेटा मागायचं ठरलेलं दार) वाचायचा, दुसरीकडे लिहायचा, हे तर माझं रोजचं पोटापाण्याचं काम आहे.

कंपनीला मेल केला. उत्तर आलं की एपीआय आहे, पण तो फक्त ‘संस्थात्मक भागीदारांसाठी’ आहे, वैयक्तिक ग्राहकांना देत नाही. हे भागीदार कोण, म्हणून गोपनीयता धोरण उघडून वाचलं. त्यात विमा आहे, संशोधन आहे, ‘सेवा सुधारण्यासाठी तृतीय पक्ष’ आहेत. म्हणजे आईच्या शुगरचा आकडा कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जायला हरकत नाही, तिच्या पोटच्या पोराला मात्र तो मिळणार नाही, अगदी तिची लेखी संमती असली तरी! आयजीच्या जिवावर बायजी उदार. पुन्हा मेल केला तर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ अशा वाटाण्याच्या अक्षता.

बरं, एपीआय नाही तर नाही, एक्सपोर्ट तरी नीट द्या. त्यांच्या पीडीएफमध्ये आलेखाचं चित्र येतं. चित्रातून आकडे कसे काढायचे, डोळ्यांनी बघून? सेटिंगच्या पार तळाशी सीएसव्ही, म्हणजे रकान्यांत नुसते आकडे असलेली, फाइल मागवायची सोय सापडली. ती उघडली आणि मग खरा संताप झाला.

आईची सकाळी सातची उपाशीपोटीची शुगर त्या फाइलमध्ये रात्री दीड वाजता आहे. एकूण एक नोंद साडेपाच तास मागे. ॲप आतमध्ये वेळ ग्रीनिचच्या हिशोबाने साठवतं, ते ठीक, सगळेच साठवतात. पण फाइल काढताना ती भारतीय वेळेत बदलायची तसदी कोणी घेतलेली नाही, आणि ही वेळ कुठली आहे हे रकान्याच्या डोक्यावर लिहिलेलंही नाही. आता यात काय होतं बघा. एका रात्री पहाटे तीनला आईला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. तिने उठून मोजलं तर 62. सत्तरच्या खाली गेली म्हणजे शुगर उतरली, हे इन्सुलिनवाल्या प्रत्येक घराला पाठ असतं. साखरपाणी घेतलं, सावरली. फाइलमध्ये ही नोंद आहे आदल्या दिवशी रात्री साडेनऊला. म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर! डॉक्टरांनी हा कागद जसाच्या तसा वाचला तर त्यांना वाटणार की जेवणाआधीचा डोस जास्त होतोय. तो ते कमी करणार. आणि पहाटे शुगर पाडणारं झोपतानाचं इन्सुलिन होतं तेवढंच चालू राहणार. झोपेत असलेल्या बाईला पुढच्या वेळी जागच आली नाही तर?

कंपनीच्या लेखी ही ‘डिस्प्लेची किरकोळ अडचण’ आहे. याच शब्दांत उत्तर आलंय.

आणखी एक. त्या फाइलमध्ये एकक लिहिलेलं नाही. ताई इंग्लंडमध्ये असते, आईचं खातं तिच्याही फोनवर उघडलेलं आहे. तिकडे शुगर आपल्यासारखी मिलिग्रॅममध्ये नाही, मिलिमोलमध्ये मोजतात, त्यामुळे तिने काढलेल्या फाइलमध्ये 62 च्या जागी 3.4 येतं. 18 ने गुणलं की जवळजवळ आपला आकडा मिळतो, हे आम्हाला कळतं. पण रकान्यात नुसता 3.4 बघून दुसऱ्या कुणाला काय कळणार?

राग जास्त याचा येतो की हे सगळं करायची व्यवस्था आधीपासून तयार आहे. नवीन काही शोधायचं नाही. ब्लूटूथमध्ये ग्लुकोमीटरसाठी ठरलेली पद्धत कित्येक वर्षांपासून आहे, तिचा सेवा क्रमांकसुद्धा ठरलेला आहे, 1808. मीटर ती पाळत असेल तर कुठलंही ॲप त्यातून नोंदी वाचू शकतं. आमच्या मीटरने ती पाळलेली नाही, स्वतःची वेगळी भाषा केलीय, म्हणजे दुसऱ्याने वाचायचा प्रश्नच नको. आणि अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट आहे. गुगलने 2022 मध्ये आणलं, अँड्रॉइड 14 पासून तर ते फोनच्या सिस्टीममध्येच असतं. सगळा आरोग्याचा डेटा फोनवरच राहतो, कुठलं ॲप काय वाचणार आणि काय लिहिणार ते आपण एकेक करून ठरवायचं. त्यात रक्तातल्या साखरेसाठी स्वतंत्र नोंद आहे. आकडा, वेळ, ती वेळ कुठल्या टाइमझोनमधली, नमुना बोटाच्या रक्ताचा की आणखी कशाचा, उपाशीपोटी की जेवणानंतर, कुठल्या जेवणाच्या संदर्भात, सगळ्याला जागा करून ठेवलीय. जो घोळ या लोकांनी घातलाय तो होऊ नये म्हणूनच त्या जागा आहेत. कंपनीने फक्त लिहायचं होतं. चार ओळींचं काम आहे, मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतोय.

आमच्या ॲपचं हेल्थ कनेक्टमधलं परवानगीचं पान उघडून बघितलं. वाचायला काय हवंय? पावलं, वजन, झोप, हृदयाचे ठोके. लिहिणार काय? काहीच नाही. आईची पावलं यांना हवीत, तिची झोप हवी, तिचं वजन हवं, आणि ज्या एका आकड्यासाठी आम्ही हे यंत्र घेतलं तो आकडा मात्र कोपऱ्यात दडवून ठेवणार. निव्वळ लूट आहे ही.

फोनवाल्यांवरही माझा थोडा राग आहेच. हेल्थ कनेक्टमध्ये परवानगी दिल्याच्या आधीचा फक्त तीस दिवसांचा डेटा दुसऱ्या ॲपला वाचता येतो, त्याहून जुना हवा तर वेगळी परवानगी मागावी लागते. ॲप काढून परत टाकलं की जुनी परवानगी गेली, तीस दिवस नव्याने मोजायचे. शुगरमध्ये तीन महिन्यांची सरासरी बघतात, तीस दिवसांत काय कळणार? आणि त्याआधीचं गुगल फिट होतं, त्याच्या एपीआयवर लोकांनी कामं उभी केली होती. मे 2024 पासून त्यात नवीन नोंदणी बंद केली आणि सगळ्यांना सांगितलं की गाशा गुंडाळा. फिटमधून इंटरनेटवरून डेटा वाचता येत होता. हेल्थ कनेक्टमध्ये तो फोनवरच असतो, म्हणून कऱ्हाडच्या फोनमधला आकडा पुण्यात आणायला मधलं ॲप स्वतः लिहावं लागतं. माझ्यासारखा लिहील. बाकीच्यांनी काय करायचं?

पण ही तक्रार वेगळ्या जातीची आहे. तिथे निदान काहीतरी विचार दिसतो. आयफोनच्या हेल्थकिटचंच, म्हणजे ॲपलच्या अशाच व्यवस्थेचं, घ्या. तिथे एखाद्या ॲपला वाचायची परवानगी नाकारली तर नाकारलीय हे त्या ॲपला कळतसुद्धा नाही, त्याला नुसतं ‘डेटा नाही’ असं दिसतं. ॲप लिहिणाऱ्याला याचा ताप होतो, मलाही होतो. पण कारण पटतं. शुगर दाखवायला नकार दिला एवढ्यावरूनच माणसाला मधुमेह आहे असं कुणी ताडू नये म्हणून ते तसं केलंय. याला म्हणतात खासगीपण जपणं. तेव्हा ‘सुरक्षेच्या कारणास्तव आपला डेटा देता येत नाही’ हे उत्तर मला देऊ नका. सुरक्षा म्हणजे परक्यापासून सुरक्षा. ज्याचा डेटा आहे त्याच्यापासून कसली सुरक्षा?

लिहिण्याच्या बाजूला तर आणखी अंधार आहे. परवा बाबांना गरगरलं, म्हणून आईच्याच मीटरवर त्यांचीही शुगर बघितली. घरोघरी हेच होतं, एका घरात दोन मीटर कोण घेतो? तो आकडा गेला आईच्या नावावर, आणि आता तिची सरासरी वर चढलीय. नोंद खोडायची सोय नाही, दुरुस्त करायची नाही, ‘ही दुसऱ्याची आहे’ एवढं लिहायला जागा नाही. इन्सुलिनचे युनिट मी इकडे तक्त्यात भरतो ते तिकडे जात नाहीत, म्हणून आईने चष्मा लावून तेच पुन्हा ॲपमध्ये भरायचे. एकदा तिने 10 च्या जागी 100 भरले. तेही खोडता येत नाहीत. शंभर युनिट इन्सुलिन घेतलं अशी नोंद एका म्हातारीच्या नावावर कायमची बसलीय, आणि ती त्या भागीदारांपैकी कुणाकडे गेली असेल हे आम्हाला कधीच कळणार नाही.

कायद्याकडे बघावं तर तिथेही तोंडाला पानंच पुसलेली. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमुखाने सांगितलं. डेटा संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या श्रीकृष्ण समितीच्या 2018 च्या मसुद्यात, मग 2019 च्या विधेयकात, आपला डेटा यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात मागून घ्यायचा आणि दुसरीकडे न्यायचा हक्क होता. युरोपात तो मे 2018 पासून लागू आहे. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला तेव्हा तोच हक्क गायब! उरला काय, तर डेटाचा ‘सारांश’ मागायचा आणि डेटा दुरुस्त करून किंवा खोडून घ्यायचा हक्क. सारांश घेऊन डोस ठरवायचा का? त्या कायद्याचे नियम निघायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे आणखी अठरा महिन्यांची मुदत दिलीय. कोणी आणि का काढला तो हक्क? याचं उत्तर मला खरंच हवंय.

आणि आपल्या देशाला हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. यूपीआयमध्ये एका कंपनीच्या ॲपमधून दुसऱ्या बँकेतल्या खात्याची शिल्लक दिसते, भाजीवाल्यालाही ते सवयीचं झालंय. आईचं आभा कार्ड, म्हणजे सरकारी आरोग्य ओळखपत्र, काढलेलं आहे, चौदा आकडी नंबर आहे. त्या व्यवस्थेत घरी केलेल्या मोजण्यांसाठी वेलनेस रेकॉर्ड नावाचा प्रकार आधीच ठरवलेला आहे. घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी, मीटर विकणाऱ्याने डेटा सोडला पाहिजे, आणि तो सोडायला त्याला कुणी भाग पाडत नाही.

मी आता त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवलंय. 2011 चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत, त्यात आरोग्याची माहिती संवेदनशील धरलेली आहे, ती तपासून बघायचा आणि चूक दुरुस्त करून घ्यायचा हक्क दिलेला आहे, आणि तक्रार महिन्याच्या आत निकाली काढायची असं स्पष्ट म्हटलंय. बाबांचा आकडा आणि ते शंभर युनिट, दोन्ही स्क्रीनशॉटसकट जोडलेत. पहाटे तीनची नोंदही जोडलीय. तुमच्याकडे असंच काही झालं असेल तर कॉल सेंटरला फोन करत बसू नका, तक्रार अधिकाऱ्याचा मेल गोपनीयता धोरणात शेवटी दिलेला असतो, तिथे लिहा.

आणि घरात कुणासाठी मीटर घेणार असाल तर पट्टीची किंमत विचाराल तेव्हाच दुकानदाराला हेही विचारा की याचं ॲप हेल्थ कनेक्टमध्ये किंवा ॲपल हेल्थमध्ये शुगर लिहितं का. त्याला माहीत नसेल तर तिथेच, काउंटरवर उभं राहून, ॲप टाकून परवानगीचं पान उघडायला लावा. ‘लिहिणार’ या यादीत रक्तातली साखर दिसली नाही तर तो मीटर घेऊ नका.