कूफॅक्सला घरी का बसवलं?

नमस्कार. प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे, म्हणून उत्तरही जरा लांबवतो.

तुमचा आक्षेप असा: 'आउट ऑफ द पार्क' या बेसबॉल सिम्युलेशन गेममधल्या माझ्या लीगमध्ये 1966चा मोसम संपला, डॉजर्सचा खराखुरा डावखुरा पिचर (गोलंदाज) सँडी कूफॅक्स जेमतेम तिशीचा, रेटिंग ऐन भरात, तरीही 'इतिहासाप्रमाणे निवृत्ती' (खेळाडू खऱ्या आयुष्यात ज्या वर्षी थांबला त्याच वर्षी गेममध्येही थांबतो) हा पर्याय मी चालू ठेवल्यामुळे तो गेला. "इतिहासच गिरवायचा तर सिम्युलेशन कशाला?"

त्याचे त्या वर्षीचे खरे आकडे बघून कोणीही फसेल. 27 विजय, 1.73 ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर लागलेल्या धावा, जितक्या कमी तितकं चांगलं), 323 इनिंग्ज. पण डाव्या कोपरात संधिवात होता. कॉर्टिझोनची इंजेक्शनं, सामन्याआधी कातडीची आग करणारं मलम, सामना संपला की कोपर बर्फाच्या पाण्यात. त्या गारठ्याने कातडीला इजा होऊ नये म्हणून हातावर टायरच्या ट्यूबमधून कापलेली बाही. हात पुरता सरळही होईना, शेवटी कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली. गेमला यातलं काय दिसतं? रेटिंग, बस्स.

तो पर्याय बंद ठेवूनही मी खेळलोय. थोर खेळाडू तिथे झाडून सगळे एकाच छापाचे म्हातारे होतात. जोर ओसरतो, बाकावर बसतात, कोणी करार देत नाही, संपलं. खरे लोक असे एका साच्यातून जात नाहीत हो! बॉस्टनचा फलंदाज टेड विल्यम्स 1960 मध्ये, 42व्या वर्षी, फेनवे या घरच्या मैदानावर शेवटच्या फलंदाजीत होमरन मारून गेला. यांकीजचा मिकी मँटल 1968चा शेवटचा मोसम खेळलाच नसता तर त्याची कारकिर्दीची फलंदाजी सरासरी 0.300च्या, म्हणजे उत्तम फलंदाजाच्या रेषेच्या, वर राहिली असती. खेळला, आणि 0.298वर आला. ती खंत त्याने पुढे कधी लपवली नाही.

बाकी कूफॅक्स गेल्यावर खऱ्या डॉजर्सचं काय झालं? 1966चे नॅशनल लीग विजेते पुढच्या वर्षी थेट आठवे. माझ्या लीगमध्ये कूफॅक्स पिट्सबर्गचा होता. आता त्याच्या 323 इनिंग्ज कोणाच्या गळ्यात मारायच्या, याच्याशी मी रोज रात्री झगडतोय. सिम्युलेशन म्हणतात ते हेच की!

राहिला पिट्सबर्गचा खरा फलंदाज रॉबर्टो क्लेमेंटे. तो माझ्याकडे 1972 नंतरही खेळणार असं मी लिहिलं, ते तुम्हाला दुटप्पी वाटतं. वाटू दे. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान पडलं आणि तो गेला, ही काही निवृत्ती नव्हे. बरोबर 3000 हिट्सवर (यशस्वी फटक्यांवर) तो माणूस स्वतःहून थांबलेला नाही. यांकीजचा लू गेरिग मात्र 1939लाच थांबेल, कारण तिथे आजाराने शरीरानेच साथ सोडली होती.

आणि कूफॅक्स हवाच असेल तर ऑक्टोबर 1966ची सेव्ह फाइल माझ्याकडे आहे, पाठवतो. पर्याय बंद करून खेळवा आणि कितव्या वर्षी बाकावर बसला ते इथेच कळवा.