नऊ पहाटा आणि एक 'असो'

वसईत असताना माझ्या प्रवचनाला लोक झोपायचे. वेदीवरून मी मोजायचो. दुसऱ्या मिनिटाला दोघं, सातव्याला अकरा जण, असा साधारण वेग होता. तेव्हा राग यायचा. त्या सगळ्यांची मी आज इथून, फिलिपिन्सच्या बुलाकान प्रांतातून, जाहीर माफी मागतो.

मला धर्मकार्यासाठी इकडे पाठवलं तेव्हा आई म्हणाली, "परक्या मुलखात कसला रे नाताळ होणार तुझा!" तिला काय ठाऊक, इथे नाताळ १ सप्टेंबरलाच लागतो. ज्या महिन्याच्या शेपटीला 'बर' तो नाताळाचा, असा सरळ हिशेब. आपल्याकडे गणपतीची गडबड असते, तेव्हा इथल्या दुकानांत नाताळची गाणी वाजत असतात. दारोदारी पारोल टांगलेले असतात: बांबूच्या कामट्या, रंगीत कागद, पाच टोकांची चांदणी. थोडक्यात, आकाशकंदील. इथे मला न शिकवता जमलेली ही एकमेव गोष्ट.

मग उजाडते १६ डिसेंबर. खरं तर उजाडत नाही, तीच तर तक्रार आहे. या दिवसापासून २४ तारखेपर्यंत सलग नऊ दिवस 'सिम्बांग गाबी'. नाव रात्रीच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, वेळ पहाटे चारची. पूर्वी शेतकऱ्यांना शेतावर जायच्या आधी मिस्सा मिळावी म्हणून ही वेळ ठरली म्हणतात. आमच्या चर्चसमोर आता शेत नाही, ट्रायसिकलचा स्टँड आहे. वेळ मात्र तीच. आपल्याकडे काकड आरतीला असतात तशी दहा-बारा म्हातारी माणसं असतील, अशा हिशेबाने पहिल्या दिवशी मी डोळे चोळत बाहेर आलो, तर चर्च भरून लोक अंगणात उभे! कडेवरची बाळं, कॉलेजची पोरं, नटूनथटून आलेल्या आज्या. सगळे टक्क जागे. झोपेत एकटा मी.

तिसऱ्या दिवशी घात झाला.

१८ तारखेचं शुभवर्तमान, म्हणजे मिस्सेत वाचायचा बायबलमधला उतारा, इम्मानुएलचा: 'देव आपल्यासोबत आहे' हा. इथल्या तागालोग भाषेत 'कासामा नातिन आंग दियोस'. आदल्या रात्री आरशासमोर वीसदा घोकलेलं. पण पहाटे साडेचारला मेंदू कुणाच्या बापाचं ऐकत नाही. "कासामा नातिन आंग..." इथपर्यंत आलो आणि पुढचा शब्द गायब. धर्मगुरू असून नेमका देवच आठवेना! अशा वेळी मराठी माणूस जे म्हणतो तेच माझ्या तोंडून निसटलं.

"असो."

तागालोगमध्ये 'आसो' म्हणजे कुत्रा.

'कुत्रा आपल्यासोबत आहे' हे शुभवर्तमान ऐकून क्षणभर सगळे स्तब्ध. मग चारशे डोकी एकदम मधल्या वाटेकडे वळली. तिथे चर्चचा पिवळा कुत्रा अंगाचं मुटकुळं करून खरोखरच झोपला होता. गायकवृंदाला हसू आवरेना. कुत्र्याने एक डोळा उघडला, मला पाहिलं आणि मिटून घेतला. वसईची आठवण झाली.

फाटकाशी बिबिंका विकणाऱ्या आजीने मिस्सेनंतर माझा हात कपाळाला लावला आणि गंभीरपणे विचारलं, "फादर, तुमच्या देशात कुत्र्याला देव मानतात?" दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात हे आठवलं, पण ते तागालोगमध्ये समजावणं माझ्या कुवतीबाहेरचं. नुसतं "हिंदी, हिंदी" म्हणालो. इथे 'हिंदी' म्हणजे 'नाही'. माझी भाषा विचारली की मी उत्तरच द्यायला नकार देतोय, असं लोकांना वाटतं, ते याचमुळे.

आजीने बिबिंका पुढे केली. मातीच्या भांड्यात केळीचं पान, त्यावर तांदळाचं पीठ, खाली निखारे, वर झाकणावरही निखारे. करपलेल्या पानाचा तो वास आला आणि घशात आवंढाच आला. आमच्या घरची पानगी हुबेहूब! पहिला घास डोळे मिटून घेतला. दाताखाली खारवलेलं अंडं आलं. डोळे उघडले.

नऊच्या नऊ मिस्सा केल्या की मनातली एक इच्छा पुरी होते, असं इथे मानतात. २४ च्या मध्यरात्रीची मिस्सा आणि नंतरची जेवणं उरकून एक वाजता घरी फोन लावला. वसईत साडेदहा झाले होते. "काय मागितलंस?" आईने विचारलं. जगासाठी शांती, म्हणालो. खरं म्हणजे एक दिवस सकाळी आठपर्यंत झोप मागितली होती.

२५ तारखेला सव्वातीनला टक्क जाग आली. गजर नव्हता. कूस बदलली, उशी डोक्यावर घेतली, जपमाळही झाली. शेवटी कंटाळून बाहेर आलो. आजीची चूल थंड, अंगण रिकामं, पारोल तेवढा झुलत होता. पायरीवर पिवळा कुत्रा बसला होता, बंद दाराकडे बघत. त्यालाही सवय लागली असणार.

शेजारी टेकलो. काय बोलणार?

"असो," म्हणालो.

त्याने शेपूट हलवली.