लिटरला बावीस हजार

माझ्या पावडरच्या ब्रशला मंगळवारी दुपारी चॉकलेटी ऑइल पेंट लागला. आज शनिवार. ‘जाऊ दे गं, ब्रशच तर होता’ हे वाक्य या चार दिवसांत मी सात जणांकडून ऐकलं, आणि सातांपैकी एकाचंही काही गेलेलं नव्हतं.

तर झालं असं. आमच्या सोसायटीचं रंगकाम चालू आहे. पावसाळ्याआधी उरकायचं म्हणून चारी बाजूंनी परांच्या बांधल्यात, वरून हिरवी जाळी टाकलीय आणि महिनाभर आम्ही सगळे रोपवाटिकेतल्या रोपांसारखे त्या हिरव्या उजेडात बसून आहोत. बुधवारी चुलत नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. म्हणून सोमवारी रात्री मी माझे सगळे ब्रश धुतले. (मेकअपचे ब्रश आठवड्या-दहा दिवसांनी धुवावेत, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. मी लग्नकार्याला धुते. यंदा मुहूर्त बरे होते, म्हणून चार वेळा तरी धुतले गेले.) बेबी शांपू लावून, निथळून, केस कट्ट्याबाहेर लोंबतील असे आडवे मांडून बाल्कनीत ठेवले. उभे ठेवले तर पाणी खाली पत्र्याच्या टोपणात उतरतं, आतला गोंद सुटतो आणि केस गळायला लागतात. माझ्या डोक्यावरच्या केसांचीही मी एवढी काळजी घेत नाही.

मंगळवारी दुपारी चहाचा कप घेऊन बाल्कनीत गेले, तर अकराचे दहा झालेले. अकरावा ग्रिलच्या पलीकडे, परांचीवर बसलेल्या एका गृहस्थांच्या हातात. वय साठीच्या आसपास, डोक्याला रुमाल, जिभेचं टोक किंचित बाहेर. माझ्याच ग्रिलच्या नक्षीतल्या अडचणीच्या कोपऱ्यात ते माझ्याच ब्रशनं चॉकलेटी रंग भरत होते.

“ओ मामा!” मी किंचाळले.

“बोला ताई,” मान न वळवता मामा म्हणाले. “ग्रील हलवू नका तेवढं.”

“अहो, तो माझा ब्रश आहे!”

मामांनी हात थांबवला. ब्रश डोळ्यांसमोर धरून उलटासुलटा पाहिला. “आसं होय. मला वाटलं, आमच्या पोरानं नवा आणून ठेवला.” मग थोडा विचार करून, मला बरं वाटावं अशा सुरात, “पर तुमचा ब्रश काय कामाचा न्हाई, ताई. लई मऊ. नुस्ता रंग पितोय. आन् केस सोडतोय.”

मला राग कशाचा आला असेल, तर या शेवटच्या वाक्याचा. चोरी समजू शकते. चुकून उचललेल्या वस्तूला तर चोरीही म्हणू नये. पण वापरून वर नावं ठेवायची? तो ब्रश भाचीनं जपानहून आणला होता. हिरोशिमाजवळ कुमानो नावाचं एक गाव आहे. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या ब्रशच करतात, आधी अक्षरं काढायचे आणि पुढे मेकअपचेसुद्धा. दीड वर्षात त्यानं माझ्या तोंडावर एक केस सोडला नव्हता. आता माझ्या ग्रिलवर त्याचे तीन केस चॉकलेटी रंगात कायमचे चिकटलेले आहेत. कुणाला पाहायचे असतील तर या.

“बकरीच्या केसांचा आहे तो,” मी म्हटलं. आवाज रडका झाला असावा, कारण मामा एकदम मवाळ झाले.

“मग काय काळजी करताय? गावाकडं बार्शीला तीस शेरडं हायत माझी. केस पायजेत तेवढे आणून देतो.” आणि मी ‘थांबा’ म्हणायच्या आत त्यांनी टर्पेंटाइनच्या डब्यात माझा कुमानो बुचकळून खळाखळा हलवला. “झाला बगा साफ.”

मी खुर्चीवर बसले. म्हणजे बसवलीच गेले. आणि इथं मामांना कट्ट्यावरचे बाकीचे दहा दिसले.

“ह्ये समदे तुमचेच? घरात कोण आर्टिस्ट हाय का?”

“माझेच. मेकअपचे.”

“आन् तोंड येकच?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. मामांनी एकेका ब्रशकडे बोट दाखवत चौकशी सुरू केली. हा कशाचा? गालाचा. हा? पापणीचा. हा? पापणीच्या कोपऱ्याचा. हा पसरट? फाउंडेशनचा. फाउंडेशन म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “म्हंजे पाया. आधी पायाच आसतोय.”

“पायाच्या आधी प्राइमर असतो,” मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. उन्हात ब्रशचा मृतदेह समोर ठेवून मी त्या माणसाला माहिती पुरवत होते.

“प्राइमर मारता तुमी?” मामांनी हातातलं काम खाली ठेवलं. “आन् लांबी?”

“लांबी म्हणजे?”

“खड्डे बुजवायला वो. भोकं, चिरा.”

“ते कन्सीलर.”

“पॉलिश पेपर?”

“मारते. म्हणजे... स्क्रब करते.”

“बराबर. जुनं खरवडल्याबिगर नवं धरत न्हाई.” मामा प्रसन्न झाले. धंद्यातलं माणूस भेटल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावेना. “किती हात देता?”

“एकच. पातळ.”

“दोन द्या,” मामा म्हणाले. “येका हातात खालचं दिसतंय.”

हे म्हणताना ते ग्रिलकडे बघत नव्हते.

इथं मी उठून आत जायला हवं होतं. पण माणसाला दुर्बुद्धी सुचते ती अशा वेळी. फाउंडेशन म्हणजे भिंतीचा डिस्टेंपर नव्हे, हे दाखवायला मी आतून बाटली आणली. मामांनी खिशातून चष्मा काढला, ग्रिलमधून हात घालून बाटली घेतली आणि फिरवून फिरवून वाचली.

“तीस मिली. सहाशे साट रुपय.” मग ओठ हलायला लागले. “धा मिलीला दोनशे वीस. शंभरला बावीसशे...” आणि एकदम परांचीचा बांबू हलेल एवढ्या आवाजात त्यांनी खाली हाक मारली. “ए पोरा! लिटरला बावीस हजार!”

खालून पोराचा आवाज आला, “कशाचा रंग?”

“तोंडाचा!”

हिरव्या जाळीमागे कोण कोण आहे, ते दिसत नाही. ऐकू मात्र सगळ्यांना येतं. दुसऱ्या मजल्यावर कुकरची शिटी मध्येच कुणीतरी दाबून धरल्यासारखी थांबली. समोरच्या विंगेत एक खिडकी उघडली. मामांचं गणित अजून संपलं नव्हतं. “वीसचा डबा घेतला तर चार लाख चाळीस हजार. डीलर सूट देत आसंल की काय तरी?”

आणि मग स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज. शांत, लसूण सोलता सोलता आलेला. “दोनशेची आहे म्हणाली होतीस ना गं?”

“दोनशे वीस. दहा मिलीला,” मी म्हटलं. खोटं मी बोललेच नव्हते. फक्त माप सांगितलं नव्हतं.

सासूबाईंचं प्रसाधन म्हणजे विको टर्मरिकची एक ट्यूब, ती बेलण्यानं लाटून शेवटच्या थेंबापर्यंत वापरायची. ते मलम औषध की कॉस्मेटिक, यावर कंपनी आणि एक्साइज खातं वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते, कारण औषध ठरलं तर कर कमी. आमच्या घरात तो निकाल पहिल्या दिवशीच लागला होता. त्यांचं ते औषध, माझं ते थेर. त्यांच्या सासूबाई म्हणे अफगाण स्नो लावायच्या (नाव अफगाण, माल मुंबईचा) आणि तोही फक्त दिवाळीत. माझी आजी तर कपाळाला आधी मेण लावायची, त्यावर पिंजर. बोटानं असा गोल काढायची की कंपासनं काढावा. मेण म्हणजे प्राइमरच की! पण तिला कुणी लिटरचा भाव विचारला नाही.

आता थोडं कडू बोलते. गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी गाडीला सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. अठरा हजार. गाडी तीच, रंग तोच, फक्त वर काहीतरी पारदर्शक, जे आहे हे ह्यांच्या शब्दावरच मानायचं. तेव्हा कुणी खिडकी उघडली नाही. कुणी चौरस फुटाचा दर काढला नाही. उलट पार्किंगमध्ये तीन पुरुष हात मागे बांधून, एखाद्या नवजात बाळाला बघावं तसे तिला बघून गेले. गाडी धुवायचा ह्यांचा मायक्रोफायबरचा रुमालही वेगळा असतो, काचेचा वेगळा, टायरचा वेगळा. टायरला रुमाल चालतो, माझ्या पापणीला ब्रश चालत नाही. मंगळवारी रात्री मी हे सगळं ह्यांना बोलून दाखवलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण खरंच अकरा लागतात?”

मामांची एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बाटली परत देताना ते म्हणाले, “ह्यो रंग तुमचा न्हाई. तुमाला दुकानात ट्युबलायटीत दाखवला आसंल.” खरंच होतं ते. “शेडकार्ड कवापण दारात घिऊन बगायचं. उन्हात येक, लायटीत येक. निम्मी गिऱ्हाइकं तितंच फसत्यात.”

मी फसलेल्या निम्म्यातली. पण पूर्ण दोष ट्युबलायटीचा नाही. मी कुठल्याही दुकानात गेले, की काउंटरवरची मुलगी माझ्या मनगटावर तीन रेघा ओढते, मला जुळणाऱ्या रेघेकडे दुर्लक्ष करते आणि दोन पायऱ्या उजळ बाटली हातात ठेवते. “मॅम, यानं ब्राइट दिसाल.” १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीनं २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं, पण काउंटरपर्यंत ती बातमी पोचलेली नसावी. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये माझा चेहरा राखाडी आणि मान माझी आहे. अठरा वर्षं मी तो अल्बम पाहुण्यांना दाखवताना मानेवर बोट ठेवून धरते.

तर, नुकसानभरपाई. मंगळवारी संध्याकाळी मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी उपविधींची वही काढली, चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि सांगितलं, की ग्रिलची बाहेरची बाजू सोसायटीची, आतली तुमची, आणि ब्रशचे केस कट्ट्याबाहेर लोंबत होते हे तुम्हीच म्हणता. म्हणजे केस सोसायटीच्या हद्दीत. दांडा तुमचा, तो तुम्हाला परत मिळालाच आहे. मी म्हटलं, रंगकामाच्या वर्गणीतून वजा करा. ते म्हणाले, सर्वसाधारण सभेत विषय मांडा. म्हणजे लिटरला बावीस हजार हा आकडा आता इतिवृत्तात जाणार. मी परत आले.

टर्पेंटाइनमधून निघालेला कुमानो वाळल्यावर खराट्यासारखा ताठ झाला होता. बकरीच्या केसांतलं सगळं तेल गेलेलं. गालावर फिरवून पाहिला, तर पॉलिश पेपरचं काम त्यानं एकट्यानं केलं असतं. बुधवारी सकाळी मी तो मामांना देऊन टाकला. दिलदारपणा म्हणून नव्हे, मला तो डोळ्यांसमोर नको होता.

मामांनी तो अंगठ्यावर दाबून पाहिला. “आता कसा कामाचा झाला.” मग कळलं, की मामा मूळचे रंगारी नव्हेतच. बोर्ड रंगवायचे. दुकानांच्या पाट्या, ट्रकचे मागचे फळे, निवडणुकीच्या भिंती. ब्रश शेरकोटचे वापरायचे. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यातलं हे गाव ब्रशसाठीच ओळखलं जातं. बारीक अक्षरांना मुंगसाच्या केसांचा ब्रश असायचा. पुढे वन्यजीव कायद्याखाली धरपकड सुरू झाली आणि मामांनी तो नाद सोडला. “मुंगूस वाचलं. मग फ्लेक्स आला. आमी न्हाई वाचलो,” असं म्हणून ते हसले. मला त्यांच्यावर धड रागावूही दिलं नाही त्या माणसानं.

गुरुवारपासून ते जिन्यातले फ्लॅटचे नंबर काढतायत. माझ्या ब्रशचे केस कातरीनं तिरके कापून. नंबर सुरेख आलेत, कडेला सावलीसकट. आमच्या दारावरचे ३०२ इतर दारांपेक्षा जरा जाड आहेत. “तुमचे दोन हात दिले,” मामा म्हणाले.

लग्नाचं राहिलं. बुधवारी मी पावडर बोटांनीच लावली, आजीसारखी, पण कंपासची गोलाई काही आली नाही. कार्यालयात पोचेपर्यंत सासूबाई आमच्या पुढच्या रिक्षानं गेल्या होत्या, आणि पंधरा मिनिटं त्यांना पुरेशी असतात. मी वाकून नमस्कार केला, तेव्हा चुलत सासूबाईंनी माझी हनुवटी धरली, गालावरून एक बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून निरखलं आणि विचारलं,

“हे किती रुपयांचं निघालं गं?”