भाऊकाका, तो देश आपल्या गोव्याच्या चौपट आहे

सकाळी साडेसहाला फॅमिली ग्रुपवर भाऊकाकांचा मेसेज. आसियानच्या, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेच्या परिषदेचा फोटो, त्यात पूर्व तिमोरचा झेंडा नव्याने लागलेला, आणि खाली काकांचं भाष्य : "आता हेही देश म्हणे! आमच्या म्हापशाच्या बाजाराला शुक्रवारी याहून जास्त माणसं असतात." पुढे हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे. त्यावर मावशीचे आणखी दोन, आत्तेभावाचा अंगठा.

एरवी काकांच्या मेसेजला मी हात जोडून मोकळा होतो. आज नाही जमलं. तिथे उत्तर दिलं असतं तर पाच मिनिटांत आईचा फोन आला असता, म्हणून इथे लिहितोय. काका फेसबुकवर नाहीत, हे मला माहीत आहे. भित्रा म्हणा हवं तर.

हेच काका दर 19 डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाचा लांबलचक मेसेज टाकतात. पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची 451 वर्षं, सत्याग्रहींवरच्या गोळ्या, सगळं. वाचताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण काका, ते तिमोरवाले त्याच पाखल्यांच्या हाताखाली होते हो! 1844 पर्यंत तर त्यांचा कारभार इथून, गोव्यातून चालायचा. एकाच सावकाराची दोन कुळं आपण, आणि आपली जमीन सुटली म्हणून दुसऱ्याला हसतोय.

मला तिमोर कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये, भांडी घासताना. 2008 साली तिथे शिकत होतो आणि रात्री एका हॉटेलच्या मोरीत उभा असायचो. घरी कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं. शेजारी एक तिमोरची बाई, पस्तिशीची असेल. तिला सगळे 'माना' म्हणायचे. तिच्या तेतुम भाषेत माना म्हणजे ताई. मीही मानाच म्हणायला लागलो. मोठ्या टोपाला लागलेला भात कसा सोडवायचा ते तिनेच शिकवलं, आणि एकदा तो खरवडता खरवडता सांगितलं, "आम्ही आमची भांडी पुरून ठेवली होती."

कधी? तर 30 ऑगस्ट 1999 च्या आदल्या रात्री. तिमोर तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात होता आणि दुसऱ्या दिवशी मतदान होतं : इंडोनेशियात स्वायत्तता घेऊन राहायचं, की वेगळं व्हायचं. गाव एर्मेराकडचं, कॉफीच्या डोंगरातलं. इंडोनेशियन लष्कराने पोसलेल्या टोळ्या आधीच गावोगाव सांगत फिरत होत्या, वेगळं व्हायला मत दिलंत तर घरं ठेवणार नाही. म्हणून बापाने परसात फणसाखाली खड्डा खणला. त्यात भांडी, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून आईचं शिवणयंत्र. पहाटे सगळे चर्चला जायच्या कपड्यांत रांगेत उभे राहिले, मत दिलं आणि घरी न जाता तसेच डोंगरावर चढले.

काका, तुम्ही मतदानाच्या सुट्टीला गणपतीपुळ्याला जाता.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर लोकांनी मत दिलं, त्यातल्या 78.5 टक्क्यांनी वेगळं व्हायला. आणि मग खरंच देश जाळला. मानाचं घर गेलं, फणसही गेला. महिन्याभराने उतरून आले तर परसात सगळीकडे सारखाच काळा कोळसा, खूण कुठली नि काय! बाप कुदळ घेऊन इथे खणतोय, तिथे खणतोय, आणि आई रडायचं सोडून त्याला शिव्या घालतेय. हे सांगताना माना हसत होती. मला हसावं की काय ते कळेना, मी नुसता टोप घासत राहिलो.

आता जरा आपल्या घरातलं. 28 नोव्हेंबर 1975 ला फ्रेटिलिन पक्षाने तिमोरचं स्वातंत्र्य जाहीर केलं. नऊ दिवसांनी इंडोनेशियाचं सैन्य उतरलं. 12 डिसेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंडोनेशियाने माघारी जावं असा ठराव आला. बाजूने 72 देश, विरोधात 10. त्या दहांत आपण होतो. भारत! आठवीच्या पुस्तकात वसाहतवादाविरुद्धच्या लढ्यावर अख्खा धडा घोकलेला भारत! इकडे आणीबाणी होती, विचारणार कोण, हे मान्य. आणि 1961 ला आपण गोव्यात सैन्य घातलं होतं, त्यामुळे दुसऱ्याला बोलायला तोंड नव्हतं, असंही असेल. पण तोंड नव्हतं तर गप्प बसायचं होतं. तटस्थ राहिलेले 43 देश होतेच की! पुढच्या चोवीस वर्षांत तिथे किमान एक लाख माणूस मेला, गोळीने, भुकेने, रोगाने.

कुणीतरी म्हणेलच, गोव्यात तरी कुठे लोकांना विचारलं होतं? बरोबर, 61 ला नाही विचारलं. गोवा नि तिमोर एकच, असं मी म्हणत नाही, आपल्या लोकांची नाती सीमेच्या दोन्ही बाजूंना होती. पण 67 ला विचारलंच ना! महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. मतपत्रिकेवर चिन्हं, फूल की दोन पानं. आमचं अख्खं घर फुलाचं. हरलो. भाऊकाका अजून त्या जनमत कौलावर चहाचे तीन कप गार करतात. पण दोन पानांवाल्यांनी कुणाचं घर जाळलं नाही, आणि कुणाच्या आजीने शिवणयंत्र पुरलं नाही. हरूनही आपण घरात राहिलो. ते जिंकून डोंगरावर गेले.

आणि ऑस्ट्रेलिया! तिमोरी लोक डार्विनच्या सैनिकांचं नाव अजून काढतात, सप्टेंबर 99 मध्ये तेच शांतिसेना घेऊन आले म्हणून. मीही काढलं असतं. पण 2002 ला देश स्वतंत्र झाला आणि दोनच वर्षांत त्याच ऑस्ट्रेलियाच्या हेरांनी, सरकारी इमारतींची डागडुजी करून देतो म्हणून तिमोरची राजधानी दिली, तिथल्या मंत्रिमंडळाच्या भिंतींत ऐकायची यंत्रं बसवली. कशासाठी? तिमोर समुद्रातल्या तेल-वायूच्या वाटपाच्या बोलणीत समोरचा किती ताणणार ते कळावं म्हणून. नुकतं घर बांधणाऱ्या गरिबाच्या भिंतीत! ज्या हेराने हे उघड केलं त्याच्यावर नि त्याच्या वकिलावर खटले. सागरी सीमेचा करार व्हायला 2018 उजाडलं. त्या समुद्रातल्या ग्रेटर सनराइज वायूसाठ्याची पाइपलाइन तिमोरला न्यायची की डार्विनला, यावर अजून घोळ चालू आहे. मधल्या काळात चीनने राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद बांधून दिला. का नाही देणार?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. माना रोज इंडोनेशियाच्याच इंडोमी नूडल्स खायची. मी एकदा आगाऊपणे विचारलं, ज्यांनी घर जाळलं त्यांचं कसं खातेस? ती म्हणाली, "चव लहानपणापासूनची आहे." वर हिरवी मिरची चिरून घातली आणि अर्धं मला दिलं. तिमोरच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता शनाना गुस्मांव जाकार्ताच्या तुरुंगात राहून आला आणि बाहेर पडल्यावर त्याच इंडोनेशियाशी त्याने हातमिळवणी केली. मारणाऱ्यांवर खटले भरायचं त्याने मनावर घेतलं नाही, हे मला आजही पटत नाही. पण शेजार कुणाला बदलता येतो? आणि आसियानमध्ये त्यांच्या शेजारी बसायला अर्ज करून चौदा वर्षं थांबले ते.

सगळं छान चाललंय असंही नाही. तेलाच्या पैशावर सरकार चालतं, तो आटत चाललाय, तरणी पोरं बाहेर मजुरीला जातात. सप्टेंबर 2025 मध्ये 65 खासदारांना नव्या प्राडो गाड्या द्यायच्या ठरल्या तेव्हा विद्यार्थी दिलीच्या रस्त्यांवर उतरले, आणि गाड्या रद्द झाल्या. खासदारांची आजन्म पेन्शनही गेली. आपल्याकडे कुणाची पेन्शन गेलेली आठवतेय का काका?

आणि लोकसंख्येचंच म्हणाल, तर ती गोव्यापेक्षा थोडी कमी, जमीन चौपट. म्हापशाच्या बाजारात नाही मावायचे ते.

शिवणयंत्राचं राहिलंच. मी मानाला विचारलं होतं, मग मिळालं का? तेव्हा नाही मिळालं, म्हणाली. बापाने नाद सोडला. मग पहिला मोठा पाऊस झाला, आणि सकाळी परसात एके ठिकाणी माती बसलेली दिसली, ताटाएवढी. आई आधी धावली.